पाच वर्षांत तीस तास

रविवारी सकाळी साडेसातला मिशन हॉस्पिटलच्या पलीकडच्या कट्ट्यावर आम्ही जमतो. मिरजेत राहायचं आणि दवाखान्यांवर बोलायचं नाही, असं होत नाही. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून अर्धं गाव पेशंटवर जगतंय आणि उरलेलं पेशंटच्या नातेवाइकांवर. (इथले सतारी बनवणारे रागावतील, पण असू दे.)

या रविवारी सुन्या तापूनच आला. वडील ७८ वर्षांचे. आठवड्यापूर्वी डांबरासारखी काळी शी झाली, चक्कर आली, ॲडमिट केलं, दोन पिशव्या रक्त चढवलं. पोटात रक्तस्राव. आणि कारण काय, तर ॲस्पिरिन ७५. हार्टचा त्रास आयुष्यात नाही. २००९ साली एका बड्या तज्ज्ञानं ‘रक्त पातळ राहू दे’ म्हणून लिहून दिली. दर सहा महिन्यांनी चिठ्ठी नवी, गोळी तीच.

“भिंतीवर एमडीचं सर्टिफिकेट आहे लगा, फ्रेम करून. त्यानंतर त्या माणसानं काय वाचलं, कुणी विचारलं का?”

आमच्यातला डॉक्टर एमडी मेडिसिन. बारा खाटांचा दवाखाना आहे त्याचा. आधी त्यानं सुन्याच्या वडिलांचं हिमोग्लोबिन विचारलं, मग म्हणाला, “विचारतात की. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. त्याला तीस क्रेडिट पॉइंट लागतात, म्हणजे परिषदा-भाषणांचे साधारण तीस तास.”

“म्हणजे वर्षाला सहा तास?” बबनमामांनी हिशोब केला. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. “आणि परीक्षा?”

“परीक्षा नाही. हजेरी.”

“माझं हेवीचं लायसनपण आता पाच वर्षांचं असतंय. पण त्याला फॉर्म वन-ए लागतो, मेडिकल सर्टिफिकेट. मला दिसतंय का नाही, त्यावर डॉक्टरची सही. मग डॉक्टरला दिसतंय का नाही, त्यावर सही कुणाची?”

हसलो सगळे. डॉक्टरसुद्धा.

हजेरीचा किस्सा मग त्यानंच सांगितला. एका हॉटेलात परिषद, गळ्यात बॅज, सकाळी रजिस्टरवर सही. जेवणात गुलाबजाम, त्यामुळं दुपारच्या सत्रात शेवटच्या तीन रांगा झोपलेल्या. त्यात हापण. “एकदा तर गुडघा बदलण्यावरचं अख्खं भाषण ऐकलं. पॉइंट मिळाले. मी मधुमेह बघतो. चूक माझीच, मी दुसऱ्या हॉलमध्ये जायला पायजे होतं, पण एसी या हॉलमध्ये चांगला होता.”

शिरीष इतका वेळ गप्प होता. तीस वर्षं औषध कंपनीचा एमआर म्हणून डॉक्टरांकडं बॅग घेऊन फिरलाय. “त्या एसीचं बिल कोण भरतंय ते पण सांग. बॅनर आमचा, जेवण आमचं, बॅगेवर नाव आमचं. आणि भाषणात गोळीपण आमचीच.” मग त्यानं २०२३ चं काढलं. ऑगस्टच्या २ तारखेला नॅशनल मेडिकल कमिशननं नियम आणले : डॉक्टरांनी औषध कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना जायचं नाही. २३ ऑगस्टला स्थगिती. “एकवीस दिवस. आमच्याकडं सॅम्पलचा बॉक्स त्याच्यापेक्षा जास्त टिकायचा.”

सुन्याचं एकच म्हणणं. दहावीच्या पोराची परीक्षा होते, तर तज्ज्ञांची दर पाच वर्षांनी का नको?

इथं डॉक्टर चिडला. अमेरिकेत हे करून झालंय, म्हणाला. तिथलं इंटर्नल मेडिसिनचं, म्हणजे आमच्यासारख्या एमडींचं, बोर्ड १९९० पासून दहा वर्षांचंच सर्टिफिकेट द्यायला लागलं. त्याआधीच्यांना मात्र जन्मभराचं. (बघा, तिथंही जुन्यांना सवलत.) २०१४ मध्ये दर दोन वर्षांनी काहीतरी करून दाखवायची अट आली, तेव्हा डॉक्टर असे उसळले की पुढच्याच वर्षी बोर्डाच्या प्रमुखानं जाहीर माफी मागितली. २०२२ पासून नवा पर्याय आहे : दर तिमाहीला तीस प्रश्न, घरी बसून, प्रश्नाला चार मिनिटं, पुस्तक उघडून चालतं. चुकलं तर का चुकलं ते दाखवतात.

“मग हे बरं आहे की!” मी म्हटलं.

“बरं आहे. पण कागदावरचा पेशंट आणि रात्री दोनला नातेवाइकांसकट येणारा पेशंट वेगळा. अनुभवाचं काय?”

अनुभवाचा मुद्दा मला पटत नाही आणि तो मी सोडलाही नाही. २००५ साली हार्वर्डच्या लोकांनी ६२ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यातल्या ३२ मध्ये, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रॅक्टिसची वर्षं वाढली तशी कामगिरी सगळ्या मोजमापांवर घसरलेली. पांढरे केस बघून आपण निवांत होतो, ते इतकं बरोबर नाही. डॉक्टरनं कपबशी खाली ठेवली आणि स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

ब्रिटनचंही निघालं. तिथं डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी रीव्हॅलिडेशन, म्हणजे डॉक्टरची फेरतपासणी, असते. दरवर्षी कुणीतरी समोर बसून वर्षभराचं काम बघतं, तक्रारी बघतं. पाच वर्षांत एकदा तरी सहकाऱ्यांची आणि पेशंटची मतं गोळा करावी लागतात.

“पेशंटची मतं? आपल्याकडं?” डॉक्टर म्हणाला. “सलाईन लावलं तर देव, नुसतं पाणी पी म्हटलं तर ‘ह्याला काय येत नाही.’ पहिल्या महिन्यात मी नापास.”

हे खरं आहे. माझ्या आईचंच मत तसं आहे.

पण सहकाऱ्यांचं? त्यावर तो बोलला नाही. एका गावात ज्याच्याकडून पेशंट येतात, त्याच्या चिठ्ठीत चूक कोण काढणार?

सुन्या परत मूळ गोळीवर आला. “तुला कधी कळलं रे, ही गोळी अशी द्यायची नसते?”

डॉक्टरनं सांगितलं : २०१८ चा अभ्यास, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सत्तरीपुढची आणि हृदयविकार नसलेली. ॲस्पिरिननं त्यांचं धडधाकट जगणं वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला : शंभरात २.८ चा ३.८. “अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्यांचं गणित वेगळं. त्यांनी हे ऐकून गोळी बंद करायची नाही. मामा, तुम्ही विशेषतः.” मामांना २०१६ ला स्टेंट बसलाय.

“अभ्यास २०१८ चा. तुला कधी कळलं?”

“२०२० पर्यंत मी पण लिहीत होतो.” जरा थांबून म्हणाला, “परिषदेत नाही कळलं. आमची आरएमओ होती, म्हणजे दवाखान्यातली ड्युटी डॉक्टर, बीएएमएसची पोरगी. राउंडला केसपेपर पुढं धरून म्हणाली, ‘सर, यांना अटॅक नाही, स्टेंट नाही, मग ही कशाला?’ मी म्हटलं, चालू राहू दे. रात्री घरी जाऊन वाचलं. सकाळी ती यायच्या आत काट मारली.”

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

मामांनी विचारलं, त्या रात्रीचे पॉइंट किती मिळाले. डॉक्टरनं नुसता हात हलवला. तोवर सुन्यानं मोबाईलवर वडिलांच्या चिठ्ठीचा फोटो काढून त्याच्या नाकासमोर धरला होता.

“या बाकीच्या सात बघ. आणि हळू वाच.”

डॉक्टरनं कपाळावरचा चष्मा खाली घेतला.