मेन लाइनचं टेंडर काढण्याआधी

तालुक्याच्या गावातली मेन लाइन, म्हणजे मुख्य बाजाराचा रस्ता, ओस पडली की नगरपरिषदेकडे एकच औषध असतं, सुशोभीकरण. दुभाजकात शोभेचे दिवे, चौकात 'आय लव्ह'वाली लाल अक्षरं, कडेला रंगीत पेव्हर. पोरं अक्षरांसमोर सेल्फी काढून निघून जातात, अन् कापडवाला गल्ल्यावर बसून मोबाइल बघत राहतो.

मूर्तिजापूर, दारव्हा, आर्वी यांसारख्या गावांच्या पेठा कापूस, जिनिंग अन् नॅरोगेज रेल्वेच्या आधारानं वाढल्या. तो आधार गेला. लग्नाचा बस्ता आता अमरावतीच्या बिझिलँड कापड बाजारातून येतो, मोबाइल कुरिअरनं येतो, बायपासवरची गाडी गावात शिरत नाही. सगळं खरं. तरीही बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं गावात येतातच. ती मेन लाइनकडे का वळत नाहीत, हे टेंडरच्या आधी त्यांनाच विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

विचारायची पण रीत असते. सभागृहात सकाळी 11 ला 'नागरिकांची बैठक' ठेवली की ठरलेली दहा डोकी येतात, त्यातली चार बोलतात, अन् चौघांचीही दुकानं मेन लाइनवरच असतात. खेड्यातली बाई तिथं येत नाही, हातगाडीवाला धंदा टाकून येत नाही. म्हणून विचारायचं बसस्टँडवर अन् काळीपिवळीच्या थांब्यावर, दुपारी 4 ते 6, माणूस थैली घेऊन परत निघाला असताना. प्रश्न तीनच ठेवा: कोणत्या गावचे? आज काय घेतलं? काय घ्यायचं होतं पण राहून गेलं, अन् का? वीस प्रश्नांचा फॉर्म कोणी भरत नाही, भरणारा मनचं लिहून टाकतो. बायांना बायांनीच विचारावं. बचत गटाच्या चार जणी दोन बाजारांत दीडशे-दोनशे जबाब सहज गोळा करतात. एकाच रस्त्यावरच्या गावांचे जबाब नकोत, चारही दिशांचे हवेत.

'का' या प्रश्नाची उत्तरं इंजिनिअरच्या एस्टिमेटमध्ये नसतात. उधारी देत नाहीत. शेवटची बस लवकर आहे. बसायला सावली नाही. आणि बाया हमखास सांगतील ती गोष्ट म्हणजे मूत्रीघर नाही. सकाळी 9 ला घरून निघालेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, अन् भाजी झाली की सरळ बसस्टँड गाठते. ती साडीच्या दुकानात अर्धा तास कशी बसणार? पेठेच्या मध्यावर तीन सीटचं मूत्रीघर, वर हजार लिटरची टाकी, आत दिवा, दार रस्त्याच्या तोंडावर नाही तर आडोशाला. पानठेल्याच्या मागं बांधाल तर एकही बाई जाणार नाही. किल्ली जवळच्या दुकानाकडं किंवा बचत गटाकडं द्या. नगरपरिषदेच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली किल्ली म्हणजे कायमचं कुलूप.

आता पार्किंग. 'पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही' हे दुकानदारांचं लाडकं वाक्य. सकाळी 11 ला दुकानापुढच्या मोटारसायकली मोजा अन् कोणाच्या ते विचारा. दहा फुटांच्या दुकानापुढं तीन-चार गाड्या मावतात. मालकाची एक, नोकरांच्या दोन, झाली जागा. चाळीस दुकानं धरली तर सव्वाशेच्या आसपास गाड्या पेठेच्याच, त्याही दिवसभर. त्या मागच्या गल्लीत किंवा शाळेच्या भिंतीला लावायचं व्यापारी संघानं ठरवलं तर एक रुपया न घालता रस्ता मोकळा होतो. हे ठरवणं मात्र टेंडरपेक्षा अवघड आहे, कारण यात कोणालाच बिल निघत नाही.

गर्दीचं खापर फुटतं हातगाडीवाल्यांवर. मग अतिक्रमण हटाव, अन् आठवडी बाजार गावाबाहेर. इथं मोठी चूक होते. भाजीसाठी आलेला माणूसच जाता-जाता चप्पल, बादली, पोराची चड्डी घेतो. बाजार दोन किलोमीटर लांब गेला की तिथंच नवी दुकानं लागतात अन् मेन लाइनचा हक्काचा दिवस बुडतो. कायदाही वेगळंच सांगतो. पथविक्रेता अधिनियम 2014 प्रमाणं 30 दिवसांच्या नोटिशीशिवाय विक्रेत्याला हलवता येत नाही, आणि 50 वर्षांहून जुना बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करून जागेवरच ठेवायचा असतो. याच कायद्यातल्या नगर पथविक्री समितीत किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया. खेड्याला ग्रामसभा असते, पण शहरांत राज्यघटनेनं वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख अन् त्यावरच्या लोकसंख्येला. त्यामुळे तालुक्याच्या गावात पेठेबद्दल बोलायला हक्काचं टेबल जवळपास हेच एक. आपल्या गावात ही समिती कागदावर आहे की बसते, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा.

रस्ता करायचाच असेल तर नालीपासून सुरुवात करा. दर वेळी जुन्यावर नवा थर चढतो, रस्ता सहा-आठ इंच वर येतो, अन् तिसऱ्या खेपेला पावसाचं पाणी दुकानात शिरतं. गवंड्याची पारदर्शक नळी पाण्यानं भरून सगळ्या दुकानांचे ओटे तपासा, सर्वात खालच्या ओट्यावर लाल खूण करा, आणि तयार रस्ता त्या खुणेच्या सहा इंच खाली राहील हे एस्टिमेटमध्येच लिहून घ्या. नालीकडं उतार मीटरला 2 सेंटिमीटर. दुकानदार नालीवर पक्का रॅम्प ओततात, तिथूनच नाली तुंबते. झाकणं दोन फूट बाय दीड फूट, तीन इंच जाड, दोन कड्यांची ठेवा. वजन पन्नासेक किलो भरतं, दोन सफाई कामगार उचलू शकतात.

पेठेत माझं मत काँक्रीटपेक्षा पेव्हरला. नळाची पाइपलाइन फुटली की काँक्रीट कापावं लागतं, पेव्हर उचलून परत बसतात. पण हलकी वाहनं चालणार तिथं 80 मिमीचे हवेत, 60 चे फक्त पायी रस्त्याला. खाली रोलरनं दाबलेला थर, त्यावर 30 मिमी वाळू, दोन्ही कडांना कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारी काठाची दगडी पट्टी. ठेकेदार पैसे वाचवतो ते कर्बवर अन् दाबण्यावर, म्हणून पहिल्याच पावसाळ्यात कडेचे ब्लॉक सरकतात.

कामाची वेळही पेठेला विचारा. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघतं, कापूस अन् तूर फेब्रुवारीपर्यंत. हातात पैसा तेव्हाच असतो. त्या दिवसांत रस्ता खणला तर दुकानदाराचं वर्ष गेलं. अक्षय तृतीयेपासून लग्नाची खरेदी, मग बी-बियाणं. उरतात होळी ते अक्षय तृतीया, साधारण सात आठवडे. काँक्रीटवर वाहन सोडायला 28 दिवस थांबायचं म्हटलं, तर अर्धा-अर्धा रस्ता करून या मुदतीत बसतच नाही.

त्याआधी चार आठवडी बाजारांना नव्या मांडणीची तालीम घ्या. वीस रिकामे ड्रम, सुती दोर, चुन्याची दोन पोती. गाड्या कुठं, हातगाड्या कुठं, चालायची वाट कुठून, हे चुन्यानं आखा. तालमीच्या आधी अन् तालमीत, त्याच ठिकाणी, सकाळी 11 अन् दुपारी 4 ला पंधरा-पंधरा मिनिटं माणसं मोजा; थैली घेऊन निघालेली वेगळी. पोळ्याच्या अन् दिवाळीच्या तोंडावरचा बाजार धरू नका, त्या दिवशी रस्ता खणून ठेवला तरी गर्दी होते. आकडे गुजरीच्या, म्हणजे भाजीबाजाराच्या, तोंडाशी फळ्यावर लिहा, आणि कोणती सूचना का घेतली नाही तेही त्याच फळ्यावर. आकडा हलला नाही तर ड्रम उचलायला अर्धा तास लागतो.