स्कोप्स मास्तर जेलमध्ये गेलेच नव्हते!

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय की अमेरिकेत १९२५ साली उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स नावाच्या मास्तरांना जेलमध्ये टाकलं. कृपया पुढे पाठवू नका, चुकीचं आहे ते. टेनेसीतल्या ऱ्हिया काउंटीतलं डेटन हे छोटं गाव, तिथल्या १८९१ च्या विटांच्या कोर्टात खटला चालला हे खरंय, पण शिक्षा झाली फक्त १०० डॉलर दंडाची आणि तीही टिकली नाही, कारण राज्याच्या घटनेप्रमाणे ५० डॉलरच्या वरचा दंड ज्युरीनेच ठरवायचा असतो आणि इथे तो जजनी ठोकला, म्हणून १९२७ मध्ये वरच्या कोर्टाने निकालच रद्द केला. उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा तो कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच होता, खरा संताप त्याचा यायला हवा!

आणि गावाने मास्तरांचा छळ वगैरे काही केला नाही. उलट गावातल्याच मंडळींनी औषधाच्या दुकानात बसून, गावाचं नाव होईल म्हणून त्यांना खटल्यासाठी तयार केलं.

झाडाखाली कोर्ट भरल्याचा जो फोटो फिरतो तो खरा आहे, पण तसं कामकाज एकच दिवस झालं, उकाडा भयंकर आणि गर्दीने मजला खचेल ही भीती, म्हणून. बाकी सगळं वरच्या मजल्यावरच्या कोर्टरूममध्ये, ती इमारत आजही उभी आहे, तळघरात म्युझियम आहे.