फेकलेले खंजीर वेचण्यातच अर्धा गेम जातो

अरे फेकायची हत्यारं इतकी भारी असतात, मग ती परत गोळा करणं इतकं वैतागवाणं का ठेवतात? नेटहॅकच घ्या, १९८७ पासूनचा, चौकोनाचौकोनाने चालत भुयारात राक्षसांशी लढायचा कॉम्प्युटर गेम, खंजिरांचा गठ्ठा असला आणि स्किल वाढवलं की एका टर्नला दोन-तीन सुटतात, बाणांसारखे फेकल्यावर तुटतही नाहीत, म्हणून तर लोक त्यावर अख्खा गेम काढतात. पण नेम चुकला की गेले पुढे, कधी अंधारात, कधी थेट पाण्यात, आणि एखादा मॉन्स्टर ते उचलून परत मलाच फेकून मारतो!! मग लढाई संपली की एकेका चौकोनात जाऊन वेचा, मोजा, एक कमी भरतो, परत शोधा, त्यात एखादा गंजलेला किंवा शापित निघाला की तो गठ्ठ्यात मिसळतच नाही, सामानात वेगळी जागा अडवून बसतो. भाल्यांचं तर बोलूच नका, वजनच इतकं की ढीगभर नेता येत नाहीत. फेकलेलं आपोआप उचलायची सोय काही गेममध्ये आहे, खरंच चांगली आहे, मग ती पहिल्यापासूनच चालू ठेवा ना सगळीकडे!