दोन विमानतळांमधलं अंतर आणि तो फसवा भागाकार

अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावं टाकली की किलोमीटरचा आकडा येतो आणि शेजारी ‘उड्डाणाचा वेळ’. हा वेळ बहुतेकदा निव्वळ भागाकार असतो. अंतर भागिले ताशी आठ-नऊशे किलोमीटर, फार तर वर चढ-उतारासाठी अर्धा तास. कृपा करून त्यावर विसंबून पुढचं विमान ठरवू नका.

अंतराचा आकडा खरा असतो. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर जी रेघ मिळते तिची ती लांबी. सपाट नकाशावर हीच रेघ वाकडी दिसते, म्हणून विमान उगाच उत्तरेकडून वळसा घालतंय असं वाटतं. पण रेघ सरळ असली तरी वाट मोकळी असेलच असं नाही. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर साधारण ७,८०० किलोमीटर. २०२२ मध्ये रशियाची हवाई हद्द फिनलंडच्या विमानांना बंद झाली आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या आसपास गेला. अंतर दाखवणाऱ्या तक्त्यात मात्र एक किलोमीटरही वाढला नाही.

आणि वारा! याचा विचार फार कमी लोक करतात. लंडन-न्यूयॉर्क अंतर जाताना-येताना तेच, सुमारे ५,५४० किलोमीटर. तरी न्यूयॉर्कला जायला आठ तास लागतात आणि परतताना तास-दीड तास वाचतो, कारण उंचावरचे जेट स्ट्रीम वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. हिवाळ्यात ते आणखी जोरात असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान याच वाऱ्यावर ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. विमानानं काही जास्त जोर लावला नव्हता, ज्या हवेतून ते उडत होतं ती हवाच पुढे धावत होती.

छोट्या प्रवासात तर भागाकार साफ कोलमडतो. तीनशे किलोमीटरला वीस मिनिटं? दहा हजार फुटांखाली विमानांना साधारण ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते, आणि एवढ्याशा प्रवासात पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची वेळ होते. शिवाय धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, गेट मोकळं होण्याची वाट. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यात हे सगळं धरलेलं असतं, म्हणून तो जास्त दिसतो. मला तोच प्रामाणिक वाटतो.

अंतर सांगणाऱ्यांनी निदान जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगवेगळा दाखवावा, एवढं तर सहज जमण्यासारखं आहे. तोवर आपण कंपनीचं वेळापत्रक बघावं, तेही ज्या महिन्यात जायचंय त्या महिन्याचं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मध्ये भरपूर तास सोडा. पहिलं विमान उशिरा पोचलं म्हणून दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही.