गोव्याने प्रशिक्षक दिले नाहीत, असं म्हणणाऱ्यांना

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. फोंडा असो, डिचोली असो की पेडणे, फुटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी तो टाकतोच. मजकूर थोडक्यात असा: गोव्याने देशाला खेळाडू भरपूर दिले, पण प्रशिक्षक एकही दिला नाही. पायात कला असलेल्याला ती दुसऱ्याला शिकवता येत नाही. क्लिफर्ड मिरांडाला एफसी गोवा आणि ओडिशा, दोन्ही वेळा तयार ताट मिळालं. धेंपो क्लबचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो जिंकले ते मालक धेंपोंच्या पैशावर. राष्ट्रीय संघ गोवेकरांच्या हाती दिला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. संधी देऊन झाली, आता विदेशी प्रशिक्षकांना पर्याय नाही.

हा संदेश मला फार लागला. आपल्याकडे कितीतरी माजी खेळाडू नोकरी सांभाळून, सुट्टी टाकून, पदरचे पैसे घालून प्रशिक्षणाची लायसन्स करतात. हेच गट त्यांच्याही फोनवर आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘एकही नाही’ हे बघू. २००४-०५ ते २०१२-१३ हे नऊ हंगाम घ्या, म्हणजे राष्ट्रीय फुटबॉल लीगची शेवटची वर्षं आणि आय-लीगची पहिली. या नऊपैकी आठ विजेतेपदं गोव्यातल्या क्लबांनी जिंकली: धेंपोने पाच, चर्चिल ब्रदर्सने दोन, साळगावकरने एक. धेंपोच्या पाचही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक कुलासो होते. उरलेलं एक, २००५-०६चं, मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकलं आणि त्यांचे प्रशिक्षक होते डेरिक परेरा. तेही गोव्याचेच. म्हणजे नऊ वर्षांत किमान सहा वेळा देशातला सर्वोत्तम संघ गोवेकर प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळत होता. इतक्या कमी काळात एवढं यश दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या प्रशिक्षकांनी मिळवलं असेल तर संदेश लिहिणाऱ्याने ते दाखवावं.

डेरिक परेरांचं नाव त्या संदेशात नाही, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. साळगावकरचा आणि भारताचा हा बचावपटू. गोलपोस्टसमोर उभा राहिला की समोरच्या आघाडीपटूला वाट बदलावी लागायची. प्रशिक्षक म्हणून २००५-०६च्या त्याच हंगामात त्यांच्या महिंद्र युनायटेडने फेडरेशन कपही जिंकला. पुढे ते पुणे एफसीकडे गेले. हा क्लब आय-लीगमध्ये नवखा होता. २००९-१०च्या पहिल्याच हंगामात तो तिसरा आला आणि २०१२-१३मध्ये उपविजेता ठरला. बालेवाडीत ते सामने पाहिलेल्या पुणेकर वाचकांना डेरिकबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. उत्तम खेळाडू चांगला प्रशिक्षक होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्याने निदान हे एक नाव तरी खोडून दाखवावं.

पायात कला असलेल्याला शिकवता येत नाही, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. स्वतः खेळणं आणि दुसऱ्याकडून खेळून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पण पहिलं येणाऱ्याला दुसरं शिकताच येत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. ते शिकावं लागतं, एवढंच. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या मैदानावर मी हे शिक्षण अगदी जवळून पाहिलंय. एकेकाळी स्टॉपर म्हणून खेळलेला एक गृहस्थ तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा सराव घेत होता. उजवीकडचा फुलबॅक नुसता चेंडूकडे बघत राहिला आणि त्याच्या पाठीमागून विंगर सरळ निसटला. शिट्टी वाजली. सगळे जागच्या जागी थांबले. प्रशिक्षक चालत त्या पोराजवळ गेला, त्याला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं आणि म्हणाला, “फाटीं पळय!” मागे बघ. ओरडणं नाही, व्याख्यान नाही. मग तोच डाव सगळ्यांना चालत चालत करायला लावला, नंतर हळू धावत, नंतर पूर्ण वेगात. तिसऱ्या वेळी चेंडू येण्याआधीच पोराची मान मागे वळली. स्वतः खेळताना या माणसाने मान कधी वळवायची याचा विचारही केला नसेल, ते आपोआप होत असणार. तेच सुटं करून दुसऱ्याच्या अंगात उतरवणं हे त्याने खेळणं थांबवल्यावर शिकून घेतलं. भारतीय महासंघाचं डी, मग आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि शेवटी प्रो, अशा लायसन्सच्या पायऱ्या असतात त्या यासाठीच. नाव मोठं म्हणून वरची पायरी कुणी देत नाही.

आता क्लिफर्डच्या तयार ताटाकडे येतो. संदेशाचा सगळा जोर इथेच आहे.

धेंपोच्या निळ्या जर्सीत डाव्या बाजूने धावणारा क्लिफर्ड ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याच्या खेळाचं वर्णन करून सांगायची गरज नाही. २००८मध्ये आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलेल्या धेंपोचा तो मोहरा होता. प्रशिक्षक म्हणून लोकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं ते २०२०च्या फेब्रुवारीत. एफसी गोवाने जानेवारीअखेर सर्जिओ लोबेरा यांना दूर केलं, तेव्हा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीतले तीनच सामने उरले होते. संघ वर होता हे खरं, पण साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी लीग विनर्स शिल्ड अजून हातात आली नव्हती. आणि ज्या प्रशिक्षकाने हे खेळाडू आणले, घडवले, तोच एका दिवसात गेलेला. अशा वेळी ड्रेसिंग रूममध्ये काय होतं? काही खेळाडू चिडलेले असतात, काहींना आपल्या कराराची काळजी असते, आणि हंगामी माणसाचं कितपत ऐकायचं हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. देशोदेशींचे कितीतरी चांगले संघ अशाच वेळी कोसळले आहेत. गोव्याने मात्र हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२ आणि जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० हरवलं. तीन सामन्यांत १४ गोल केले, तीन खाल्ले. शिल्ड आली आणि तिच्याबरोबर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतली जागा, जी त्याआधी एकाही भारतीय क्लबला मिळाली नव्हती.

पण पुढे आयएसएलच्या उपांत्य फेरीत हरले ना, असंही तो संदेश विचारतो. हो, हरले. चेन्नईत चेन्नईयिनने ४-१ असं झोडपलं, त्या रात्री गोव्याचा बचाव वाईट खेळला आणि त्याची जबाबदारी प्रशिक्षकाचीच. पण ७ मार्चचा फातोर्ड्यातला परतीचा सामनाही आठवा. तीन गोलांनी मागे असलेल्या संघाने २१व्या मिनिटालाच २-० केलं. अजून एक गोल आणि एकूण बरोबरी, हे स्टेडियममध्ये प्रत्येकाला दिसत होतं. कुणी खाली बसायला तयार नव्हतं. उत्तरार्धात चेन्नईयिनच्या छांगते आणि वाल्स्किस यांनी गोल केले आणि आशा जवळपास मावळली. तरी शेवटच्या दहा मिनिटांत गोव्याने आणखी दोन मारले. सामना ४-२ असा जिंकला, एकूण हिशेबात ५-६ असा हरला. प्रशिक्षकावर विश्वास नसलेला संघ असा शेवटपर्यंत झुंजत नाही.

दुसरं ताट ओडिशाचं. २०२२-२३च्या आयएसएलमध्ये ओडिशा सहावा आला, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात एटीके मोहन बागानकडून हरला आणि प्रशिक्षक जोसेप गोंबाऊ गेले. केरळात होणारा सुपर कप महिन्यावर आलेला. क्लिफर्ड पुन्हा हंगामी. याला तयार ताट म्हणायचं? ज्या संघाने तोवर एकही करंडक जिंकला नव्हता तो? खेळाडू तेच होते. केरळात तेच खेळाडू एकही सामना हरले नाहीत. गटात हैदराबाद आणि ईस्ट बंगालसारखे संघ असताना ते पुढे आले, उपांत्य सामन्यात नॉर्थईस्टला ३-१ हरवलं आणि २५ एप्रिलला कोझिकोडला अंतिम सामन्यात बेंगळुरूला २-१. दोन्ही गोल दिएगो मॉरिसियोचे, पहिल्या चाळीस मिनिटांच्या आत. समोरचा बेंगळुरू त्या हंगामातला ड्युरँड विजेता आणि आयएसएल उपविजेता. शेवटी शेवटी छेत्रीने पेनल्टीवर एक गोल परत केला, पण ओडिशाच्या बचावफळीने घाबरून चेंडू कुठेही भिरकावला नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, तिथेच, गोकुलम केरळला ३-१ हरवून ओडिशाने एएफसी कपचं दारही उघडलं.

एखाद्याला एकदा नशिबाने साथ दिली असं समजू. पण दोन वेगळे क्लब, तीन वर्षांचं अंतर, दोन्ही वेळा मुख्य प्रशिक्षक गेलेला, तयारीला वेळ नाही, आणि दोन्ही वेळा हाती काहीतरी लागलं. सगळंच त्याच्या मनासारखं झालं असं मी म्हणत नाही. २०२४च्या सुपर कपमध्ये मोहन बागानचा संघ सांभाळताना त्याने कोलकाता डर्बी १-३ अशी गमावली. २३ वर्षांखालील भारतीय संघ घेऊन चीनला गेला, तिथेही हाती काही लागलं नाही. ते त्याच्या खात्यावर लिहाच. पण मग कोझिकोडचा करंडकही त्याच खात्यावर लिहायला हवा.

कुलासो आणि धेंपोंचा पैसा, याला दोनच वाक्यं. पैसा चर्चिलकडेही होता, साळगावकरकडेही होता, कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांकडे होता. पाच विजेतेपदं एकालाच मिळाली.

राष्ट्रीय संघाबद्दल सांगायचं तर, २०११मध्ये विदेशी प्रशिक्षक बॉब हॉटन गेल्यावर कुलासोंना संघ मिळाला तो विश्वचषक पात्रता सामने तोंडावर असताना. यूएईत भारताचे दोन खेळाडू पूर्वार्धातच लाल कार्ड घेऊन बाहेर गेले, त्यात गोलरक्षक सुब्रत पाल. तो सामना ०-३ गेला, दिल्लीतला परतीचा २-२ सुटला. त्यांच्यानंतर आले सावियो मेदेरा, साळगावकरचे जुने खेळाडू. त्यांनी डिसेंबर २०११मध्ये दिल्लीत दक्षिण आशियाई देशांचा सॅफ करंडक जिंकून दिला, अंतिम फेरीत अफगाणिस्तानला ४-० हरवून. तीन महिन्यांनी काठमांडूच्या चॅलेंज कपमध्ये मात्र भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला आणि मेदेरांना जावं लागलं. ती कामगिरी वाईटच होती. पण संदेशाला फक्त काठमांडू आठवतं, दिल्ली आठवत नाही. आणि २०२३चं बेंगळुरू तर त्याच्या गावीही नाही. मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी होती म्हणून सॅफचा उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने टचलाइनवरून महेश गवळीने हाताळले. धेंपोच्या बचावाचा हा जुना खांब. लेबनॉन आणि कुवेत, दोघांनाही भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं. शूटआउटआधी पाच जण निवडायचे, त्यांचा क्रम लावायचा, थकलेल्या पोरांच्या डोळ्यांत बघून कोण तयार आहे ते ठरवायचं, हे बंदी घातलेल्या माणसाला गॅलरीतून करता येत नाही.

राहिला विदेशी प्रशिक्षकांचा मुद्दा. त्यांनी गोव्याला काही दिलं नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. झोरान जॉर्जेविच यांनी चर्चिलला आणि करीम बेंचरीफा यांनी साळगावकरला आय-लीग जिंकून दिली. लोबेरांच्या काळात फातोर्ड्यात जसा फुटबॉल पाहायला मिळाला तसा क्वचितच मिळतो. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते ‘संधी देऊन झाली’ या वाक्याशी. कुठली संधी? २०१६मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. गोवेकर प्रशिक्षकाला देशपातळीवर काम मिळायचं ते मुख्यतः या क्लबांत. ती तिन्ही दारं एकदम बंद झाली. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची कितीतरी वर्षं जवळपास विदेशी माणसांसाठीच राखीव असल्यासारखी होती. भारतीय प्रशिक्षक यायचा तो बहुधा सहाय्यक म्हणून, नाहीतर कुणाला काढल्यावर उरलेल्या सामन्यांपुरता. ओडिशाने तो सुपर कप जिंकल्यावर पुढच्या हंगामासाठी मुख्य प्रशिक्षक म्हणून कुणाला आणलं? लोबेरांना. करंडक जिंकून देणाऱ्या क्लिफर्डला आयएसएल क्लबचं पूर्ण मुख्य प्रशिक्षकपद मिळायला २०२५ उजाडलं, तेही चेन्नईयिनकडे. दरम्यान धेंपोने आपला जुना कर्णधार समीर नाईक याच्या हाती संघ सोपवला आणि २०२४मध्ये त्याने तो आय-लीगमध्ये परत आणला.