घराच्या झडतीला पंच लागतात, फोनमधल्या माहितीला का नकोत?

गेल्या महिन्यात शेतकरी ओळख क्रमांकाच्या कामासाठी एका सेतू केंद्रावर रांगेत उभा होतो. पुढच्या काकाजींचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. शेवटी मोबाईलवर ओटीपी आला आणि तो त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. मी हळूच टोकले, तर म्हणाले, "आपल्यापाशी लपवाले हाये तरी काय, मास्तर?" तेथे मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

काकाजींच्या त्या फोनमध्ये सातबारा आहे, पीककर्जाचे मेसेज आहेत, दवाखान्याच्या कागदांचे फोटो आहेत आणि मुलीच्या सोयरिकीचे सारे बोलणेही आहे. यातले बरेचसे फोनबरोबरच कंपन्यांकडेही साठते. सरकार त्या कंपन्यांकडून काय मागू शकते, हे २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी कंत्राटावर काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केले. ‘प्रिझम’ या कार्यक्रमाखाली अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था गुगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडून माहिती घेत होती आणि ज्या कायद्याच्या आधारे घेत होती, त्याचा रोख अमेरिकेबाहेरील परकीयांवर होता. म्हणजे त्या देशाच्या लेखी तुमच्या-आमच्यासारख्यांवर.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आणि त्याखालील २००९ चे नियम आहेत. संदेश पाहण्याची परवानगी एरवी केंद्राचे किंवा राज्याचे गृहसचिव देतात, त्या आदेशांची तपासणी सचिवांचीच समिती करते आणि कंपनीला याबाबत गुप्तता पाळावी लागते. या साखळीत न्यायाधीश कोठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. तरीही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना स्वतःसाठी सूट जाहीर करून घेण्याची वाट ठेवली, हे मला मुळीच पटत नाही.

माझे वडील पोलीस पाटील होते. चोरीच्या एका प्रकरणात झडतीच्या वेळी मीही दाराशी उभा होतो. गावातले दोन पंच बोलावले, ज्वारीची कणगी हलवली त्याचीही नोंद झाली, पितळी गुंडापासून सगळे कागदावर आले आणि कंदिलाच्या उजेडात सह्या झाल्या. घरधनी संशयित होता, तरी समोर उभा होता.

दहशतवादी आणि ऑनलाईन लुटारू पकडलेच पाहिजेत. आमच्या भागातही लोकांची आयुष्यभराची पुंजी अशी गेली आहे. तपास चालू असताना गुप्तता हवी, हेही मान्य. परंतु परवानगी मागणारा आणि देणारा एकाच सरकारातला असेल, तर मागणी अवाजवी आहे असे म्हणणार कोण? ही परवानगी न्यायाधीशानेच द्यावी. झडतीतील जप्तीच्या यादीची प्रत घरधन्याला मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. तपास आटोपल्यावर तशी प्रत फोनच्या धन्यालाही मिळावी. हे मी आमच्या खासदारांना पत्राने कळवले आहे आणि पत्राची एक प्रत काकाजींना वाचून दाखवणार आहे.