मासिक वाचूनच मोटारसायकल घ्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी भागात राहणाऱ्या आणि नवी गाडी घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकाने गल्लीतल्या फिटरचा सल्ला घेण्याची जुनाट सवय प्रथम सोडावी. कोणती गाडी दुरुस्तीला वारंवार येते आणि कोणत्या गाडीचा सुटा भाग महिनाभर मिळत नाही, एवढेच त्या बिचाऱ्याला ठाऊक असते. ती 0 वरून 100 किलोमीटरच्या वेगाला किती सेकंदांत पोहोचते, हे त्याला सांगता येणार नाही. मोटारसायकलींची मासिके मात्र ते दशांशापर्यंत सांगतात, आणि तेही गुळगुळीत कागदावर.

हा आकडा उपग्रहाच्या आधारे वेग नोंदवणारे यंत्र गाडीवर बसवून, मोकळ्या सरळ पट्ट्यावर मोजतात. मोजमाप चोख असते, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेने दुचाकीला चार पदरी महामार्गावरही ताशी 80 किलोमीटरचीच मर्यादा घातली, तेव्हा शंभराचा आकडा गाठणे हाच मुळात गुन्हा ठरतो, हा विचारही मनात आणू नये. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक उघडताच दोन्ही बाजूंची गर्दी एकमेकांच्या अंगावर सुटते आणि कोणालाच पुढे सरकता येत नाही, त्या वेळी आपली गाडी शेजारच्या गाडीपेक्षा तीन दशांश सेकंद आधी शंभरावर पोहोचली असती, हे समाधान लहान नव्हे.

गाडी वळणावर कशी वागते, हे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तपासलेले असल्यास उत्तमच. त्या 5.125 किलोमीटरच्या फेऱ्यात खड्डा नाही, म्हैस नाही आणि समोरून कोणी येत नाही, त्यामुळे गाडीचा खरा स्वभाव तेथेच कळतो. पुढे जुलै महिन्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे जाताना समोरचे पाणी म्हणजे नुसते डबके आहे की त्याखाली गुडघाभर खड्डा आहे, हे चाक आत गेल्यावरच उमगले, तर ‘सस्पेन्शन किंचित कडक, पण आत्मविश्वास देणारे’ हे वाक्य मनात घोळवावे. गळीत हंगामात संकेश्वरच्या बाजूला रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक पुढ्यात उभा राहतो. त्याला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो. मासिकाच्या चाचणी अहवालात हेडलाइटचा आकार ‘आक्रमक’ असल्याचे नमूद केलेले असते. ट्रॅक्टरने घाबरण्यास तेवढे पुरे आहे.

मागच्या सीटबद्दल अहवालात सहसा एखादीच ओळ असते आणि ती योग्यच आहे, कारण छायाचित्रातल्या गाडीवर मागे कोणीही बसलेले नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 123 मात्र मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि निम्मे मागचे चाक झाकणारे आवरण मागतो. या आवरणाला आपण साडी गार्ड म्हणतो, आणि परीक्षकांना ते गाडीच्या सौंदर्यावरील डाग वाटते. तेव्हा आपणही ते शोरूममध्येच काढून घ्यावे, आणि शनिवारच्या बाजाराला आईला मागे बसवून, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी आणि हातात पदर देऊन, तिला रेषेचे सौंदर्य समजावून सांगावे.

किमतीचा विषय सोपा आहे. मासिकात दिल्लीची एक्स-शोरूम किंमत छापलेली असते. कर्नाटकात लाखावरच्या दुचाकीला 18 टक्के आजीवन कर पडतो, हे शोरूममधला मुलगा कन्नड, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सारख्याच गोडीने सांगेल. कोणी कोल्हापूरला पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-09 ची गाडी घेण्याचे सुचवतील. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नव्याने नोंदणी करावी लागते, असे मोटार वाहन कायद्याचे कलम 47 म्हणते. पण महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो निकाली निघाला की आपल्या गाडीचा प्रश्नही परस्पर सुटेल.

चाचणीची गाडी कंपनीनेच नीट जुळवून पाठवलेली असते आणि शेजारच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असते, असे काही कुजके लोक म्हणतात. त्यांच्याकडे बहुधा स्प्लेंडर असते. 1994 पासून 97.2 सीसीच्या त्याच इंजिनावर ऊस, दूध आणि तीन पिढ्या वाहणारी, देशात सर्वाधिक खपणारी ही गाडी मुखपृष्ठावर क्वचितच दिसते. तिच्यावर गुडघा टेकवून वळण घेता येत नाही, मग तिच्याविषयी लिहावे तरी काय?

एवढे वाचून आपण 196 किलोची, 452 सीसीची रॉयल एनफिल्डची हिमालयन घरी आणाल, याची खात्री आहे. पाय नीट टेकत नसल्यास सीटची उंची 825 मिलिमीटर आहे एवढे लक्षात ठेवावे आणि फुटपाथच्या कडेलाच थांबावे. दारात हार घालताना वडील एकच प्रश्न विचारतील, ‘किती देते?’ आपण बेधडक ‘चाळीस’ म्हणावे. ताकद 40 अश्वशक्ती आहे, टॉर्क 40 न्यूटन मीटर आहे, म्हणजे उत्तर दोन्हीकडून खरे आहे, आणि एकक विचारण्याची पद्धत आपल्या घरांत नाही.